कामगिरीवरील जखमी श्वानांची आपत्कालीन वैद्यकीय सेवा व वाहतूक

पोलीस, सैन्य, निमलष्करी दले आणि आपत्ती निवारण पथके यांच्या सेवेत असलेले श्वान कर्तव्य बजावताना जखमी किंवा अत्यवस्थ झाल्यास त्यांच्यावर घटनास्थळी प्राथमिक उपचार करावे लागतात आणि त्यांना पशुवैद्यकीय रुग्णालयापर्यंत पोहोचवावे लागते. या दोन्ही कामांच्या व्यवस्थेला कामगिरीवरील श्वानांची आपत्कालीन वैद्यकीय सेवा म्हणतात. या विषयातील मुख्य अडचण वैद्यकशास्त्राची नसून वेळेची व अधिकाराची आहे. गोळीबार, स्फोट किंवा इमारत कोसळण्याच्या ठिकाणी माणसांवर उपचार करणारे प्रशिक्षित कर्मचारी आणि रुग्णवाहिका काही मिनिटांत उपस्थित होतात. पशुवैद्यक मात्र तेथे सहसा नसतो. उपस्थित कर्मचाऱ्यांनी श्वानाला हात लावावा किंवा नाही, याचे उत्तर बराच काळ अनेक ठिकाणी कायद्याने नकारार्थी दिले होते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून अमेरिकेतील काही राज्यांनी ते बदलले. त्यांपैकी मॅसॅच्युसेट्स राज्याचा ‘निरोचा कायदा’ सर्वाधिक परिचित आहे.

संज्ञा व व्याप्ती

गुन्हेगाराचा माग काढणारे, स्फोटके व अमली पदार्थ हुंगून शोधणारे, गस्तीवर जाणारे आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसांचा शोध घेणारे श्वान या लेखात ‘कामगिरीवरील श्वान’ म्हणून अभिप्रेत आहेत. अंध व्यक्तींचे मार्गदर्शक श्वान आणि घरगुती पाळीव कुत्रे यांचा उल्लेख प्रसंगोपात्त येतो. श्वानासोबत काम करणाऱ्या प्रशिक्षित जवानास किंवा पोलिसास ‘श्वान हस्तक’ म्हटले जाते. मराठीत ‘हस्तक’ या शब्दाला एरवी कटातील साथीदाराचा वास येतो. तरीही पोलीस दलात आणि वृत्तपत्रांत ही संज्ञा आता रुळली आहे.

अशा श्वानांच्या दुखापती केवळ गोळीच्या नसतात. वाहनाची धडक, उंचावरून पडणे, काचेने किंवा पत्र्याने कापलेले पंजे, सर्पदंश, मधमाश्यांचा हल्ला, हुंगताना नाकावाटे गेलेले अमली पदार्थ, पोट फुगून जठराला पीळ पडणे ही सर्व आपत्कालीन कारणे आहेत. उष्माघाताचा क्रम यांत फार वरचा लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील भूकंपानंतर शोधकार्यासाठी गेलेला मेक्सिकोच्या सैन्याचा ‘प्रोतेओ’ हा श्वान मोहीम चालू असतानाच मरण पावला. त्याच भूकंपात भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची श्वानपथकेही कार्यरत होती.

पूर्वपीठिका

युद्धात श्वानांचा वापर जुना आहे, पण त्यांचा दर्जा दीर्घकाळ साहित्यसामग्रीचाच राहिला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातील ‘चिप्स’ या श्वानाने जुलै १९४३ मध्ये सिसिली बेटावर शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर झेप घेतली. त्यात त्याच्या डोक्याला जखम झाली व अंग भाजले. त्याला शौर्यपदके जाहीर झाली. परंतु प्राण्यांना सैनिकी पदके देता येत नाहीत या कारणाने ती परत घेण्यात आली. व्हिएतनाम युद्धात सुमारे ४,००० अमेरिकी श्वानांनी काम केले, त्यांपैकी फारच थोडे मायदेशी परतले.

त्या थोड्यांपैकी एक ‘निमो’ हा होता. ४ डिसेंबर १९६६ रोजी सायगावजवळील तान सन न्हुत हवाई तळावर त्याच्या तोंडावर गोळी लागली आणि त्याचा एक डोळा गेला. तशा स्थितीतही तो आपल्या जखमी हस्तकाच्या अंगावर पडून राहिला. मदतीला आलेल्यांना तो जवळ येऊ देईना, तेव्हा त्याला बाजूला करण्यासाठी पशुवैद्यकाला बोलवावे लागले, असे सांगितले जाते. श्वानाची निष्ठाच त्याच्या माणसाच्या उपचारांत अडथळा ठरू शकते, ही बाब आजच्या प्रशिक्षणातही स्वतंत्रपणे शिकवली जाते. म्हणूनच पथकातील आणखी एक तरी माणूस श्वानाच्या ओळखीचा असावा, असा आग्रह धरला जातो.

निवृत्त लष्करी श्वान दत्तक देण्याची मुभा अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये ‘रॉबीज लॉ’ या कायद्याने मिळाली. तोपर्यंत सेवेला निरुपयोगी झालेल्या अनेक श्वानांना मरण दिले जात असे. २००८ मध्ये टेक्सासमधील लॅकलंड हवाई तळावर लष्करी श्वानांचे सुसज्ज रुग्णालय सुरू झाले. मे २००६ मध्ये इराकमध्ये मारले गेलेले लष्करी पशुवैद्यक लेफ्टनंट कर्नल डॅनियल हॉलंड यांचे नाव त्याला दिले आहे.

निरो प्रकरण

१२ एप्रिल २०१८ रोजी मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड भागातील मार्स्टन्स मिल्स येथे यार्मथ पोलीस दलाचे शॉन गॅनन हे अटक वॉरंट बजावण्यासाठी एका घरात गेले होते. त्यांच्यासोबत ‘निरो’ हा बेल्जियन मॅलिनॉइस जातीचा श्वान होता. घरात दडलेल्या संशयिताने झाडलेल्या गोळीने गॅनन मृत्युमुखी पडले आणि निरो गंभीर जखमी झाला. संशयित आतच दबा धरून बसल्याने पोलिसांना घर ताब्यात घेण्यास काही तास लागले. तेवढा वेळ निरो जखमी अवस्थेत आतच होता.

त्याला बाहेर आणले तेव्हा घटनास्थळी एकाहून अधिक रुग्णवाहिका उभ्या होत्या. प्राणवायू, मलमपट्टी, स्ट्रेचर आणि प्रशिक्षित माणसे असे सारे तेथे होते. मात्र राज्याच्या कायद्यानुसार रुग्णवाहिकेतून प्राण्याची वाहतूक करण्याची किंवा त्यावर उपचार करण्याची परवानगी त्या कर्मचाऱ्यांना नव्हती. अखेर पोलिसांच्या मोटारीत मागच्या आसनावर ठेवून निरोला पशुवैद्यकीय रुग्णालयात नेण्यात आले. शस्त्रक्रियेनंतर तो वाचला आणि पुढे गॅनन यांच्या कुटुंबात राहिला. तो वाचला नसता तर कायदा लवकर झाला असता की प्रकरण विस्मरणात गेले असते, हे सांगणे कठीण आहे.

या मनाईमागे कोणाचा दुष्टावा नव्हता. अमेरिकेत पशुवैद्यक व्यवसायाचे नियमन राज्यांच्या कायद्यांनी होते आणि परवानाधारक पशुवैद्यकाखेरीज इतरांनी प्राण्यावर उपचार करणे हा त्या कायद्यांचा भंग ठरू शकतो. दुसऱ्या बाजूने, रुग्णवाहिका व तिच्यावरील कर्मचारी यांचा परवाना केवळ माणसांपुरता असतो. दोन्ही नियम आपापल्या जागी रास्त होते. निरो त्या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत सापडला.

निरोचा कायदा

यार्मथ पोलीस दलाचे माजी उपप्रमुख स्टीव्हन शियारहोस हे २०२० मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. त्यांनी आणि सिनेटर मार्क मॉन्टिग्नी यांनी या विधेयकाचा पाठपुरावा केला. गव्हर्नर चार्ली बेकर यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली.

कर्तव्यावर जखमी झालेल्या पोलीस श्वानावर आपत्कालीन वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी उपचार करावेत आणि त्याला रुग्णवाहिकेतून पशुवैद्यकीय रुग्णालयात न्यावे, यास हा कायदा मुभा देतो. प्रथमोपचार, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन आणि अफूजन्य द्रव्यांच्या विषबाधेवरील नॅलॉक्सोनसारखे जीवरक्षक उपाय त्यात समाविष्ट आहेत. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि श्वानाला नेल्यानंतर रुग्णवाहिकेचे निर्जंतुकीकरण यांचाही विचार त्यात आहे.

कायद्यातील सर्वांत महत्त्वाची अट प्राधान्यक्रमाची आहे. त्या वेळी कोणत्याही माणसाला उपचाराची किंवा रुग्णवाहिकेची गरज असेल तर श्वानाचा क्रम त्यानंतर लागतो. ही अट नसती तर विधेयक संमत होणे अवघड होते. निरोच्या प्रसंगाला ती लावून पाहिली तर तिचे व्यवहारातील स्वरूप ध्यानात येते: तेथे एकाहून अधिक रुग्णवाहिका होत्या, म्हणून एक श्वानासाठी मोकळी होऊ शकली असती. एकच रुग्णवाहिका असलेल्या दूरच्या गावात हा कायदा असूनही श्वान पोलीस मोटारीतूनच जाण्याची शक्यता अधिक.

मॅसॅच्युसेट्स हे असे करणारे पहिले राज्य नव्हे. कोलोराडोने २०१४ मध्येच आपत्कालीन कर्मचाऱ्यांना कुत्र्या-मांजरांवर पशुवैद्यकापूर्वीचे तातडीचे उपचार करण्याची मुभा दिली होती आणि त्यात पोलीस श्वान व पाळीव कुत्रा असा भेद नव्हता. इलिनॉयमध्ये जखमी पोलीस श्वानाला रुग्णवाहिकेतून नेण्यास परवानगी देणारा कायदा १ जानेवारी २०१८ पासून, म्हणजे निरो जखमी होण्याच्या तीन महिने आधी, अमलात आला होता. फ्लोरिडाने २०२१ मध्ये तसाच कायदा केला.

घटनास्थळावरील उपचार

माणसावर उपचार करण्यात निष्णात असलेल्या कर्मचाऱ्याला श्वानासाठी सर्व काही नव्याने शिकावे लागत नाही. रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे, श्वसन व रक्ताभिसरण सांभाळणे आणि शरीर थंड पडू न देणे हा युद्धभूमीवरील उपचारांचा क्रम श्वानालाही लागू आहे. फरक तपशिलात आहे आणि त्या तपशिलात चूक झाली तर ती प्राणघातक ठरते.

पहिली पायरी म्हणजे मुसके. खळ्यावर मळणीच्या बैलाला घालतात तेच, येथे हेतू वेगळा. वेदनेने व भयाने व्याकूळ झालेला श्वान आपल्या हस्तकालाही चावतो. प्रशिक्षित गस्ती श्वानाचा जबडा तर त्याचे शस्त्रच असतो. तयार मुसके नसेल तर रुंद पट्टीचा फास नाकाडावर आवळून कानांमागे बांधतात. मात्र श्वान बेशुद्ध असेल, उलट्या करीत असेल, त्याला धाप लागली असेल किंवा उष्माघाताची शंका असेल तर मुसके घालू नये. श्वानाला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तोंड उघडून जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा उष्णता बाहेर टाकण्याचा प्रमुख मार्ग असतो. तोंड बांधले की तो मार्ग बंद होतो.

रक्तस्राव. श्वानाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. ३० किलोच्या श्वानात ते साधारण अडीच लिटर भरते, म्हणजे प्रौढ माणसाच्या निम्मे. त्यामुळे जमिनीवर सांडलेले जे रक्त माणसाच्या बाबतीत फारसे वाटणार नाही, ते श्वानाच्या बाबतीत गंभीर असू शकते. दाट केसांमुळे जखम लपते. केस विंचरल्यासारखे बोटांनी मागे सारून सर्व अंग तपासावे लागते. जखमेवर थेट दाब देणे आणि खोल जखमेत जाळीदार कापडाची पट्टी ठासून भरणे हे पहिले उपाय होत. सैनिकांच्या हातापायांना लावतात ती टूर्निके, म्हणजे पिळून आवळण्याची पट्टी, श्वानाच्या पायावर नीट बसत नाही, कारण त्याचा पाय वर जाड आणि खाली निमुळता असल्याने पट्टी घसरते. तरीही पायाचा भाग तुटलाच असेल तेव्हा ती उपयोगी पडल्याची उदाहरणे आहेत.

नाडी व हिरड्या. श्वानाची नाडी मांडीच्या आतल्या बाजूस लागते. रक्ताभिसरणाचा अंदाज हिरड्यांवरून घेतात. निरोगी श्वानाच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबून सोडल्यास पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. बोटाला लावायचा प्राणवायूमापक चिमटा श्वानाच्या जिभेला लावतात, पण जागा असलेला श्वान तो बहुधा लावू देत नाही. शिरेतून द्रव द्यायचा तर पुढच्या पायाच्या दर्शनी बाजूची शीर सोयीची असते.

श्वसन. श्वानाचे तोंड मोठे उघडत असल्याने श्वासनलिकेत नळी घालणे तुलनेने सोपे जाते. मोठ्या श्वानाला लागणारी नळी प्रौढ माणसाच्या नळीपेक्षा जाड असू शकते, ही गोष्ट नवशिक्यांना चकित करते. छातीला भोक पडून आत हवा भरली असल्यास ती दोन्ही बाजूंना पसरण्याची शक्यता श्वानात अधिक असते, कारण दोन फुप्फुसांमधील पडदा फार पातळ असतो. छातीची एकच बाजू तपासून थांबणे म्हणूनच धोक्याचे.

हृदय बंद पडल्यास श्वानाला कुशीवर झोपवून छाती दाबतात. पशुवैद्यकीय पुनरुज्जीवनाची ‘रिकव्हर’ या नावाने ओळखली जाणारी मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली व २०२४ मध्ये सुधारण्यात आली. त्यांनुसार मिनिटाला १०० ते १२० दाब द्यावेत आणि प्रत्येक दाबाला छाती तिच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत दबावी. एकट्या माणसाने ३० दाबांनंतर श्वानाचे तोंड मिटून नाकातून दोन श्वास द्यावेत. ज्याने माणसासाठीचे प्रशिक्षण घेतले आहे त्याला हे आकडे ओळखीचे वाटतील.

उष्माघात. श्वानाचे सामान्य तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाचा ताप तो श्वानाचे आरोग्य. धावपळीच्या कामात त्याचे तापमान ४१ अंशांपलीकडे जाऊनही तो ठणठणीत असू शकतो, त्यामुळे केवळ आकड्यावर विसंबता येत नाही. झोकांड्या खाणे, हाकेला प्रतिसाद न देणे, उलटी, जुलाब किंवा झटके दिसल्यास उष्माघात समजावा. अशा वेळी आधी गार करावे, मग न्यावे असा नियम आहे. वाहनात घालून घाईने निघण्यापेक्षा जागीच पाण्यात बुडवणे किंवा भरपूर पाणी ओतून वारा घालणे अधिक प्राण वाचवते. तापमान साधारण ३९.५ अंशांवर आले की थांबावे; अन्यथा ते सामान्यापेक्षा खाली घसरत जाते. फिलाडेल्फियातील पेन व्हेट वर्किंग डॉग सेंटर ही २०१२ मध्ये सुरू झालेली संस्था या विषयावर संशोधन करते. तेथील अभ्यासात श्वानाला स्वतःहून डोके पाण्यात बुडवायला शिकवणे हा व्यायामानंतर गार होण्याचा परिणामकारक उपाय आढळला.

औषधे. अफूजन्य द्रव्यांच्या विषबाधेवर माणसाला दिले जाणारे नॅलॉक्सोन श्वानालाही चालते. याउलट घरोघरी असणारे आयबुप्रोफेन श्वानाला विषारी ठरते आणि पॅरासिटामॉलही सुरक्षित नाही. वेदना पाहून कळवळून दिलेली गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते. माणसाचे रक्त श्वानाला देता येत नाही. श्वानाचे रक्त मात्र पहिल्या वेळी गट न तपासताही बहुधा चालून जाते, कारण दुसऱ्या गटाविरुद्धची तीव्र प्रतिद्रव्ये त्यांच्यात उपजत नसतात. दुसऱ्या वेळी ही मोकळीक राहत नाही.

जठराला पीळ पडणे हा खोल छातीच्या जातींमधील प्राणघातक विकार होय. पोट ढोलासारखे फुगते आणि श्वान उलटीसाठी उमळतो, पण बाहेर काही पडत नाही. यावर शस्त्रक्रियेखेरीज इलाज नाही. अमेरिकी सैन्यात लष्करी श्वानांचे जठर शस्त्रक्रियेने आधीच पोटाच्या भिंतीला टाचून ठेवण्याची पद्धत आहे.

वाहतूक

श्वानाला उचलताना घोंगडी किंवा चादर ही उत्तम डोली ठरते. पाठीच्या कण्याला इजा झाल्याची शंका असेल तर सपाट फळीवर कुशीवर निजवून पट्ट्यांनी बांधतात. श्वासाचा त्रास होणाऱ्या श्वानाला बळेच आडवे पाडू नये. तो छातीवर टेकून बसू पाहतो, तसेच बसू द्यावे. रुग्णवाहिकेत हस्तक त्याच्या डोक्याशी बसतो. ओळखीचा आवाज व वास यांमुळे श्वान शांत राहतो आणि कर्मचारीही निर्धास्तपणे काम करू शकतात. हस्तक स्वतः जखमी असल्यास दोघांना एकाच वाहनातून नेण्याचा मोह टाळून श्वानाला दुसऱ्या ओळखीच्या माणसाच्या ताब्यात देतात.

निघण्यापूर्वी कोठे जायचे हे ठरलेले असणे आवश्यक आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रात्री शस्त्रक्रिया होते की नाही, तेथे रक्त उपलब्ध आहे की नाही, याची माहिती आधीच गोळा केलेली नसेल तर उत्तम रुग्णवाहिकाही भटकत राहते. पुढच्या रुग्णाला श्वानाच्या केसांची अ‍ॅलर्जी असू शकते, म्हणून वाहन सेवेत परतण्याआधी संपूर्ण स्वच्छ करावे लागते. तेवढा वेळ ती रुग्णवाहिका कोणाच्याच उपयोगाची नसते. विरोधकांच्या आक्षेपांपैकी हा सर्वांत वजनदार म्हणावा लागेल.

युद्धभूमीवर

सैन्यात हा प्रश्न नागरी जीवनाइतका कायदेशीर गुंत्यात अडकला नाही. अमेरिकी लष्कराने पशुवैद्यक उपलब्ध नसल्यास माणसांच्या डॉक्टरांनी श्वानाचा जीव कसा वाचवावा, याची लेखी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. २३ मार्च २०१२ रोजी अफगाणिस्तानातील हेल्मंड प्रांतात सुरुंगाच्या स्फोटात ‘लुका’ या मरीन दलाच्या श्वानाचा पुढचा डावा पाय निकामी झाला. तिच्या हस्तकाने जागेवरच टूर्निके बांधली, हेलिकॉप्टरने तिला हलवण्यात आले, पाय कापावा लागला, पण ती जगली. २०१६ मध्ये तिला प्राण्यांच्या शौर्यासाठी दिले जाणारे ब्रिटनचे डिकिन पदक मिळाले. ब्रिटिश सैन्याचा ‘कुनो’ २०१९ मध्ये अफगाणिस्तानात दोन्ही मागच्या पायांना गोळ्या लागून जखमी झाला. त्याच्यावर हेलिकॉप्टरमध्येच उपचार सुरू झाले. त्याच्या मागच्या पंजाचा भाग कापावा लागला आणि पुढे त्याला कृत्रिम अवयव बसवण्यात आला.

भारतात

भारतीय सैन्यातील श्वानांच्या प्रशिक्षणाची व आरोग्याची जबाबदारी रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर या दलाकडे आहे. १७७९ हे त्याचे स्थापनावर्ष मानतात आणि त्याचे केंद्र मेरठ येथे आहे. या दलाची पशुवैद्यकीय रुग्णालये सीमाभागातही आहेत, त्यामुळे तेथे जखमी श्वान थेट आपल्याच दलाच्या वैद्यकाकडे पोहोचतो.

‘झूम’ या बेल्जियन मॅलिनॉइस श्वानाचे प्रकरण या संदर्भात देशभर गाजले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनाग जिल्ह्यातील तंगपावा येथे दहशतवादी लपलेल्या घरात त्याला पाठवण्यात आले. दोन गोळ्या लागूनही त्याने काम सोडले नाही. त्या चकमकीत दोन दहशतवादी ठार झाले. झूमला श्रीनगर येथील लष्करी पशुवैद्यकीय रुग्णालयात हलवण्यात आले. शस्त्रक्रिया झाली, मोडलेल्या मागच्या पायाला प्लास्टर घालण्यात आले आणि तो उपचारांना प्रतिसादही देत होता. १३ ऑक्टोबरच्या दुपारी मात्र त्याला अचानक धाप लागली व तो कोसळला. वाहतूक वेळेवर झाली आणि वैद्यक हाताशी होते, तरीही गोळीच्या जखमेत पुढचे काही दिवस अनिश्चितच असतात, हे या घटनेवरून दिसते.

केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ‘रोलो’ या दोन वर्षांच्या मादी श्वानाचा मृत्यू वेगळ्या कारणाने झाला. एप्रिल २०२५ मध्ये छत्तीसगड-तेलंगण सीमेवरील करेगुट्टा डोंगरात नक्षलविरोधी मोहीम चालू असताना मधमाश्यांचे मोहोळ तिच्यावर तुटून पडले. हस्तकांनी तिला प्लॅस्टिकच्या कापडाने झाकले, पण माश्या आत शिरल्या. सुमारे २०० दंशांनंतर ती बेशुद्ध पडली. तिच्यावर जागीच तातडीचे उपचार करण्यात आले, परंतु तेथून हलवत असतानाच तिचा प्राण गेला. डोंगर-जंगलातील मोहिमेत रुग्णालयापर्यंतचे अंतर हाच निर्णायक घटक ठरतो. सर्पदंशाच्या बाबतीतही तेच. त्यावरील औषध अडचणीचे नाही, कारण नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांवर माणसाला दिली जाणारी बहुगुणी प्रतिविष लसच पशुवैद्यक श्वानासाठी वापरतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या लशीशी दीर्घकाळ जोडलेले आहे. प्रश्न ती वेळेत मिळण्याचा असतो.

नागरी क्षेत्रात भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ यानुसार पशुवैद्यक व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकांपुरता मर्यादित आहे. किरकोळ सेवा पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करू देण्याची मुभा राज्यांना आहे. महाराष्ट्रात माणसांसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. जनावरांसाठी १९६२ हा क्रमांक असून त्यावर फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते. केंद्र शासनाच्या योजनेत साधारण एक लाख पशुधनामागे असे एक वाहन अभिप्रेत असून त्यावर पशुवैद्यक, त्याचा सहायक आणि चालक-परिचर असतात. येथे रुग्णाला वैद्यकाकडे नेण्याऐवजी वैद्यकच रुग्णाच्या दारी जातो. ही रचना मुख्यतः शेतकऱ्यांच्या गाईगुरांसाठी आहे आणि त्यासाठी ती योग्यच आहे. रात्री गोळी लागलेल्या पोलीस श्वानाची गरज तिच्या आवाक्यातील नव्हे.

मुंबईत परिस्थिती तुलनेने बरी आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ पासून प्राण्यांवर उपचार करीत आहे आणि त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये उघडले. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके शोधून असंख्य प्राण वाचवणारा मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’ २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने गेला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या श्वानपथकांना अशी रुग्णालये जवळ नसतात. तेथे हस्तकाला प्रथमोपचार किती येतात आणि पथकाच्या गाडीत प्रथमोपचाराचे साहित्य आहे की नाही, यावर बरेच अवलंबून राहते.

मतभेद

रुग्णवाहिका श्वानांसाठी वापरण्यास होणारा विरोध प्राणिद्वेषातून येत नाही. ग्रामीण भागात रुग्णवाहिका आधीच अपुऱ्या असतात, कर्मचाऱ्यांना चाव्याचा धोका असतो आणि उपचार चुकल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतो. यांपैकी शेवटचा प्रश्न काही राज्यांनी, सद्भावनेने केलेल्या कृतीला कायदेशीर संरक्षण देऊन सोडवला. पहिल्यावर प्राधान्यक्रमाची अट हाच तोडगा आहे.

दुसरा वाद व्याप्तीचा आहे. मॅसॅच्युसेट्सचा कायदा पोलीस श्वानापुरता बोलतो. ढिगाऱ्यात उतरणारा स्वयंसेवी शोधपथकाचा श्वान किंवा अपघातात मालकासह सापडलेला मार्गदर्शक श्वान यांची जखम वेगळी नसते, पण त्यांच्यामागे खात्याचे नाव नसते. कोलोराडोची रचना या दृष्टीने अधिक सुसंगत आहे, कारण तिथे श्वान कोणाचा हे न विचारता उपचार करता येतात. मात्र कोलोराडोत उपचारांची मुभा आहे, सक्ती नाही. प्रत्यक्षात काय करायचे हे त्या त्या सेवेच्या धोरणावर व कर्मचाऱ्याच्या प्रशिक्षणावर ठरते.